कॉम्प्युटरवरून गाणी ऐकताना आवाज अडला तर: खान्देशातल्या घरांसाठी बिघाड शोधायची पद्धत

घरातला लॅपटॉप किंवा जुना डेस्कटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला छोटा डॅक (फाईलमधलं गाणं ॲम्प्लिफायरला देणारी डबी), पुढे ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. एवढ्या सामानात आज फार चांगलं संगीत ऐकता येतं. खान्देशात कुणी आजीच्या आवाजातल्या कानबाईच्या गाण्यांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या आहेत, कुणी आखाजीची गाणी जपली आहेत, कुणी मैफलींची रेकॉर्डिंग जमवली आहेत. जोडणी नवीन असते तोवर सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस आवाजच येत नाही, किंवा गाणं मध्येच तुटतं, किंवा स्पीकरमधून सतत घूं घूं ऐकू येतं. नवखा माणूस अशा वेळी घाबरून सगळ्या वायरी उपसतो आणि दहा सेटिंग्ज एकदम बदलतो. त्याने मूळ बिघाड आणखी लपतो. चुकून आवाज सुरू झालाच तरी तो कशामुळे झाला हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच त्रास परत समोर उभा राहतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या विषयावरचे इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड हवेच्या देशांत, पक्की अर्थिंग असलेल्या घरांत बसून लिहिलेले असतात. त्यांत ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि सेटिंग्जबद्दल पानंच्या पानं असतात. ४५ अंशांचं ऊन, लोडशेडिंग, डीम होणारी लाईट आणि कूलरची ओल यांचा उल्लेख नसतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे राहणाऱ्याने सॉफ्टवेअरइतकाच संशय वीज, उष्णता आणि धूळ यांच्यावर घ्यायला हवा.

आधी साखळी ओळखा

आवाज तुमच्या कानापर्यंत या क्रमाने येतो: डिस्कवरची फाईल, ती वाजवणारा प्लेअर, विंडोज किंवा लिनक्स, ड्रायव्हर, यूएसबी केबल, डॅक, आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची), ॲम्प्लिफायर, स्पीकरची वायर, स्पीकर. डॅक म्हणजे फाईलमधल्या आकड्यांपासून विद्युत लहरी तयार करणारं यंत्र. सीडीच्या दर्जाच्या फाईलमध्ये प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. ते आकडे वेळेवर पोहोचले नाहीत की आवाज तुटतो.

ठिबकच्या शेवटच्या ओळीला पाणी आलं नाही तर शेतकरी सगळ्या नळ्या उकरत नाही. तो मधला व्हॉल्व्ह उघडतो. तिथे पाणी असेल तर पुढे शोधतो, नसेल तर मागे मोटरीकडे वळतो. इथेही तेच करायचं.

मधला व्हॉल्व्ह म्हणजे तुमच्या ॲम्प्लिफायरचं इनपुट. आवाज शून्यावर आणा, डॅककडून आलेली आरसीए केबल काढा आणि तिथे मोबाईल जोडा. एका टोकाला हेडफोनची ३.५ मिमी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली केबल कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ही एक केबल घरात असायलाच हवी. आता मोबाईलवर गाणं लावा.

मोबाईलचं गाणं स्वच्छ वाजलं तर ॲम्प्लिफायर, स्पीकरच्या वायरी आणि स्पीकर निर्दोष आहेत. बिघाड काढलेली आरसीए केबल, डॅक, कॉम्प्युटर किंवा फाईल यांच्यात आहे. मोबाईलचं गाणंही तसंच अडखळत असेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, सगळं लक्ष पुढच्या भागाकडे द्या. त्यानंतर उरलेला भाग परत अर्धा करा: डॅकला हेडफोनचं सॉकेट असेल तर हेडफोन लावून बघा, मग डॅक बाजूला ठेवून लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर तीच फाईल वाजवा. चार-पाच मिनिटांत बिघाड कुठल्या तुकड्यात आहे ते समजतं.

हे करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा: कुठलं गाणं, किती वाजता, काय बदललं, काय झालं. वेळ का लिहायची ते पुढे उन्हाळ्याच्या भागात कळेल.

आवाजच येत नाही

यात क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोपी कारणं आधी संपवायची.

१. ॲम्प्लिफायरवर योग्य इनपुट निवडलेलं आहे का? म्यूट दाबलेलं नाही ना? स्पीकर ए आणि बी अशी बटणं असतील तर बरोबर बटण दाबलेलं आहे का?

२. विंडोजच्या खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कुठे जातो आहे ते बघा. कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असेल तर विंडोज पुष्कळदा आपणहून टीव्हीला आवाज देऊन टाकतं. तिथे तुमचा डॅक निवडा.

३. प्लेअरची स्वतःची निवड वेगळी असते. फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये प्रेफरन्सेसमधल्या आउटपुट या पानावर कुठलं उपकरण निवडलंय ते बघा. डॅक एका यूएसबी पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावला की काही वेळा तो नवीन उपकरण म्हणून नोंदला जातो आणि प्लेअर जुन्यालाच शोधत बसतो.

४. एक्सक्लुझिव्ह मोड चालू आहे का? या मोडमध्ये एकच प्रोग्राम डॅकचा पूर्ण ताबा घेतो. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असेल तर प्लेअर डॅक उघडता येत नाही असा संदेश देऊ शकतो, आणि प्लेअर चालू असेल तर ब्राउझर मुका होतो. दुसरा प्रोग्राम बंद करा, एवढंच.

५. डॅक यादीतच दिसत नसेल तर केबल बदला, आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचं, मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा. मध्ये यूएसबी हब लावला असेल तर तो काढून टाका. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी. घरात दीड-दोन मीटर पुरते.

६. विंडोज जुनं असेल तर ड्रायव्हर लागतो. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (वरच्या दर्जाच्या डॅकांच्या प्रकाराचा) ड्रायव्हर आतच येतो. विंडोज ७ किंवा ८ वर अशा डॅकसाठी कंपनीचाच ड्रायव्हर टाकावा लागतो.

एवढं करूनही शांतता असेल तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करून डॅकची केबल काढा, दोन मिनिटं थांबा, मग आधी डॅक आणि नंतर कॉम्प्युटर सुरू करा. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज ऑडिओ नावाची सेवा असते. ती रीस्टार्ट केल्यानेही अडकलेला आवाज सुटतो.

फूबारमध्ये ‘अनसपोर्टेड स्ट्रीम फॉरमॅट’ असा संदेश आला तर बिघाड काहीच नाही. फाईल १९२ किलोहर्ट्झची आहे आणि तुमचा डॅक ९६ पर्यंतच जातो, असा त्याचा साधारण अर्थ. साधं, सामायिक आउटपुट निवडा. विंडोज आपोआप दर बदलून देईल.

एकाच बाजूने आवाज

डावा स्पीकर मुका असेल तर ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरच्या मागे एकमेकींच्या जागी लावा. आता उजवा मुका झाला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा साखळीत त्याच्या आधी आहे. डावाच मुका राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर. पहिली शक्यता निघाली तर हाच प्रयोग आरसीए केबलवर करा. या अदलाबदलीला ना मीटर लागतो ना कारागीर.

दोन्ही बाजूंनी आवाज येतो पण पोकळ वाटतो, ढोलकीचा ठोका पातळ लागतो, गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता इकडेतिकडे पसरल्यासारखा वाटतो, असं असेल तर एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी लागली आहे. दोघांची जुळवून घ्या, आवाज लगेच भरतो. घर रंगवून झाल्यावर किंवा दिवाळीच्या साफसफाईनंतर हा प्रकार हमखास होतो.

गाणं तुटतं, कटकट येते

इथे तीन वेगळ्या तक्रारी एकत्र येतात आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

गाण्याच्या सुरुवातीलाच दोन-चार सेकंदांचा खंड पडत असेल तर झोपलेली हार्ड डिस्क जागी होते आहे. विंडोज ठरावीक वेळ वापर नसलेली डिस्क थांबवतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन डिस्क बंद करायची वेळ ‘कधीच नाही’ अशी ठेवा. गाण्याचं पहिलं अर्धं-पाऊण सेकंद कापलं जात असेल, आणि तेही वेगळ्या दर्जाची फाईल सुरू होताना, तर तो बिघाड नाही. दर बदलताना ठक् असा आवाज स्पीकरला जाऊ नये म्हणून डॅक स्वतःला क्षणभर मुका करतो.

गाण्यात कुठेही, अनियमितपणे, बारीक टिक् टिक् किंवा कर्र असा आवाज येत असेल तर आकडे डॅकपर्यंत वेळेवर पोहोचत नाहीत. उपाय या क्रमाने करून बघा. प्लेअरचा बफर (वाजवण्याआधी वाचून ठेवलेला साठा) वाढवा. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. मग वायफाय बंद करून तेच गाणं ऐका. वायफायचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरला एवढा वेळ अडकवून ठेवू शकतो की तेवढ्यात आवाजाचा बफर रिकामा होतो. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम नेमका कुठला ड्रायव्हर अडवतोय ते नावासकट दाखवतो. गाणं चालू ठेवून तो दहा मिनिटं चालवा. वायफायचा ड्रायव्हर दोषी निघाला तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. आवाज तुटतो म्हणून पूर्ण विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नका.

फाईल दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर किंवा नेटवर्क डिस्कवर असेल तर रस्ता तपासा. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाईल कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट मागते, सीडीच्या दर्जाची १.४. आकडे फार मोठे नाहीत, पण आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती ओलांडताना वायफायचा जोर झपाट्याने उतरतो, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा जास्त. अशा घरात लॅनची केबल टाकणं हाच टिकाऊ उपाय. रिपीटर घेण्याआधी केबलचा खर्च विचारून बघा. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट: यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चालू असताना तिच्यातून आणि तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर लेख काढला होता. वायफाय किंवा ब्लूटूथचा डोंगल त्या डिस्कला खेटून लावला असेल तर तो लांब न्या, आवाज तुटणं थांबू शकतं.

फूबारमध्ये ॲडव्हान्स्डच्या यादीत पूर्ण फाईल आधी मेमरीत घेण्याची सोय आहे. डळमळीत वायफायवर आणि धीम्या डिस्कवर तिचा फार उपयोग होतो.

तिसरी तक्रार, आवाज फाटण्याची. व्हीएलसीमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या पुढे नेता येतो, आणि तिथेच तो फाटतो. प्लेअर १०० वर ठेवा, कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. विंडोजच्या साउंड प्रॉपर्टीजमधले ‘एन्हान्समेंट’ बंद करा. फोन-कॉलचा प्रोग्राम चालू झाला की गाणं एकदम हळू होतं, तेही इथलंच: कम्युनिकेशन्स या टॅबमध्ये इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची निवड मुळातच लावलेली असते. ‘काहीही करू नका’ ही निवड करा.

घूं घूं आणि वीज

खान्देशातल्या घरांत सर्वांत जास्त वेळ खाणारा त्रास हा आहे, आणि त्याचं मूळ बहुधा भिंतीतल्या वायरिंगमध्ये असतं. त्यावर महागड्या केबली विकत घेऊ नका.

आधी आवाज नीट ऐका. खालच्या पट्टीतला, एकसारखा घूं असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. माऊस हलवला किंवा पान खाली-वर केलं की बदलणारी बारीक चिरचिर असेल तर ती कॉम्प्युटरच्या आतली. दोन्हींची वाट मात्र बहुतेक वेळा एकच असते: दोन उपकरणं दोन वेगळ्या मार्गांनी अर्थला जोडलेली असतात आणि त्यांच्यात फिरणारा बारीक प्रवाह आवाजाच्या केबलीतून जातो.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबला? मग वर्तुळ चार्जरमधून पूर्ण होतंय. कॉम्प्युटर, डॅक, ॲम्प्लिफायर आणि टीव्ही सगळे एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर, एकाच थ्री-पिन सॉकेटमधून घ्या. कूलर, फ्रिज, मिक्सर त्या बोर्डवर अजिबात नको. तरी आवाज उरला आणि टीव्ही एचडीएमआयने जोडलेला असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिशची किंवा केबल टीव्हीची गोल वायर काढून बघा. बाहेरून आलेली ती वायर स्वतःचा वेगळा अर्थ घेऊन घरात येते, आणि पुष्कळांना तिच्यावर शेवटपर्यंत संशय येत नाही.

चार्जरची किंवा ॲम्प्लिफायरची जाड, अर्थची पिन मोडून किंवा थ्री-पिनवर टू-पिन अडॅप्टर चढवून घूं थांबवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. आवाज थांबेल, पण ॲम्प्लिफायरच्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली तर तो पत्रा २३० व्होल्टचा होईल आणि घरातलं मूल त्याला हात लावेल. या लेखातली एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवा.

लॅपटॉपच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या धातूवरून मनगटाची मागची बाजू हलकेच फिरवताना झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा कमकुवत आहे. जुन्या घरांत सॉकेट तीन भोकांचं असतं, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलवून मीटरने तीन मापं घ्यायला सांगा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यावीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. तिसरं माप मोठं असेल तर अर्थिंगचं काम आधी, संगीत नंतर. हे मोजमाप स्वतः करू नका.

आपली काळी जमीन पावसाळ्यात ओलावा धरते आणि चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा जमिनीशी संपर्क कमी होतो. श्रावणात न ऐकू येणारा घूं आखाजीच्या सुमारास सुरू होतो तो यामुळे. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं आहे का ते बघा आणि उन्हाळाभर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला.

अर्थिंग ठीक करूनही थोडा घूं राहिला तर दोन सुरक्षित उपाय आहेत. कॉम्प्युटर आणि डॅक दोघांना ऑप्टिकल सॉकेट असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे वर्तुळच तुटतं. नसेल तर आरसीए केबलच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. स्वस्तातल्यात खोल खर्ज थोडा कमी होतो, पण घूं ऐकण्यापेक्षा ते परवडतं. यूएसबी आयसोलेटर घेताना वेग विचारा. स्वस्त आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात आणि वरच्या दर्जाचे डॅक त्यावर ओळखलेच जात नाहीत.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज खरखरीत होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. त्या विजेवर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच त्यावर इलाज. लाईट जाते-येते त्या क्षणी डॅक एकदा बंद होऊन परत सुरू होतो आणि तेवढ्यात विंडोज दुसरं उपकरण निवडतं. ‘लाईट आल्यापासून आवाज नाही’ अशी तक्रार असेल तर वरच्या यादीतली दुसरी आणि तिसरी पायरी बघा. वाडीत, मळ्यात राहणाऱ्यांकडे पंप सुरू झाला की व्होल्टेज डीम होतं आणि ॲम्प्लिफायरचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) टक् करून सुटतो. तिथे स्टॅबिलायझर लावा, डॅक आणि कॉम्प्युटर मात्र यूपीएसवर ठेवा. लाईट अचानक जाताना डिस्कवर लिहिणं चालू असेल तर फाईली खराब होतात, आणि कॅसेटवरून उतरवलेलं गाणं परत मिळत नाही.

उन्हाळा, कूलर, धूळ

अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कांसाठी कंपनीने दिलेली चालण्याची मर्यादा ५ ते ३५ अंश असते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश असतात, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावर खोलीतच ३५ च्या वर तापमान असतं. डिस्क तापली की वाचायला वेळ लावते, कधी मध्येच तुटून परत जोडली जाते. लॅपटॉपचा प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि टिक् टिक् सुरू होते. वहीतल्या वेळा इथे कामी येतात. सकाळी सातला नीट वाजणारं गाणं दुपारी तीनला तुटत असेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका.

लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या देऊन उचला. डिस्क ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. ॲम्प्लिफायर काचेच्या बंद शोकेसमध्ये सुंदर दिसतो खरा, पण उन्हाळ्यात त्याला वर आणि मागे मोकळी जागा हवी. अर्ध्या तासाने आपोआप बंद होऊन थंड झाल्यावर परत चालू होणारा ॲम्प्लिफायर बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. रोज ऐकायची गाणी एसएसडीवर घ्या. तिच्यात फिरणारा भाग नसतो आणि ती धक्केही सोसते. मोठी डिस्क कपाटात ठेवून फक्त सकाळी-संध्याकाळी वापरा.

कूलरचे दोन त्रास. त्याची मोटर किंवा पंप बंद-चालू होताना स्पीकरमधून टक् येतो. कूलर वेगळ्या बोर्डवर न्या. दुसरं म्हणजे ओल. कूलरचा झोत थेट यंत्रांवर असेल तर दोन उन्हाळ्यांत पिनांवर हिरवट-काळा थर येतो, आणि पिन फिरवली की खरखर होते. सगळं बंद करून प्रत्येक पिन चार-पाच वेळा काढा-घाला, मग कॉन्टॅक्ट क्लिनरचा हलका फवारा मारा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको, त्याला धूळ चिकटते.

जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या लॅपटॉपच्या पंख्यात कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. वर्षातून एकदा, होळीच्या आधी, तो उघडून साफ करून घ्या. फुंकर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

फाईलच बिघडली असेल तर

एकच गाणं, दर वेळी नेमक्या त्याच सेकंदाला अडतं, तेव्हा बाकी सगळं सोडून फाईल तपासा. तीच फाईल मोबाईलवर वाजवा. तिथेही अडली तर निकाल लागला. फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली) फाईलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ हा पडताळा आत लिहिलेला असतो, आणि फूबारच्या फाईल इंटिग्रिटी व्हेरिफायर या जोडप्रोग्रामने पूर्ण संग्रह तपासता येतो. डिस्क किंवा पेनड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढणं हे अशा फाईलींचं मोठं कारण आहे.

गाण्याचा सूर चढलेला आणि लय किंचित जलद वाटत असेल तर ४४.१ किलोहर्ट्झची फाईल ४८ समजून वाजवली जात असावी. त्याने स्वर पेटीवरच्या जवळपास दीड पट्टीने वर जातो. प्लेअर आणि डॅक दोघांचे दर तपासा. फक्त कॅसेटवरून उतरवलेली गाणीच अशी वाटत असतील तर मात्र दोष टेपच्या मोटरीच्या वेगाचा, कॉम्प्युटरचा नाही.

मराठी नावं प्रश्नचिन्हांसारखी किंवा चौकोनांसारखी दिसतात तेव्हा टॅग (फाईलमध्ये लिहिलेली गाण्याची-गायकाची नावं) जुन्या आयडी३ व्ही१ प्रकारचे असतात. त्यांत एका नावाला ३० बाइटच जागा असते आणि देवनागरीची सोय नाही. टॅग नव्याने व्ही२ मध्ये लिहा, आणि क्यू शीट (सलग रेकॉर्डिंगमधल्या गाण्यांची यादी देणारी फाईल) असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये साठवा. फोल्डरात फोल्डर घालून नावं फार लांबवली की विंडोजमधली २६० अक्षरांची मर्यादा आडवी येते आणि समोर दिसणारी फाईल उघडत नाही. नाव आखूड करा.

सलग मैफल गाण्यांत तोडलेली असेल आणि दोन तुकड्यांच्या मध्ये क्षणभर शांतता येत असेल तर ते एमपी३ च्या रचनेमुळे. फ्लॅकमध्ये ती अडचण येत नाही.

ब्लूटूथबद्दल थोडंसं

ब्लूटूथ हेडफोनवर गाणं अचानक जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येऊ लागलं तर कुठल्यातरी प्रोग्रामने हेडफोनचा माइक उघडला आहे. माइक चालू झाला की हेडफोन हँड्स-फ्री प्रकारात जातो आणि दर्जा एकदम उतरतो. तो प्रोग्राम बंद करा किंवा माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा.

दुरुस्तीला नेताना

एवढं करून दोष डॅकमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्येच आहे हे नक्की झालं, तर दुकानात जाताना यंत्रासोबत त्याचा अडॅप्टर, वापरात असलेली केबल आणि तुमची वही न्या. ‘आवाज येत नाही’ एवढंच सांगू नका. ‘मोबाईल जोडल्यावरही डावी बाजू बंद, स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या तर उजवी बंद, अर्धा तास चालल्यावरच होतं’ असं सांगा. गरम झाल्यावरच येणारा दोष असेल तर कारागिराला यंत्र लगेच न तपासता अर्धा-पाऊण तास चालू ठेवायला सांगा, नाहीतर ते दुकानात उत्तम वाजेल आणि घरी आल्यावर परत बंद पडेल. बदललेला जुना सुटा भाग परत मागून घ्या, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी मोबाईल जोडून ॲम्प्लिफायर तपासा, मगच कॉम्प्युटर जोडा.